डॉक्टरबाई, तुम्ही तिला उठवलं नाहीत

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत.

आमची मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली, दहा आठवडे आधी. सहा महिने झाले तरी मान धरेना, उचलली की हातपाय लोंबायचे. तुमच्याआधी ज्यांना दाखवलं त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही. माझ्या मांडीवर होती तशीच बघून म्हणाले, "स्नायूंचा आजार दिसतोय. यावर काही होत नाही, दुसऱ्या मुलाचं बघा." गोव्यातल्या आमच्या गावी, साखळीला, परतताना कदंबच्या बसमध्ये नवरा चकार शब्द बोलला नाही. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी देवाला गाऱ्हाणं घातलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा ती गाढ झोपली होती. बाहेर ही गर्दी! मी तिला हलवायला लागले, तर तुम्ही माझा हात धरलात. "झोपू दे गो तिला. उठली, दूध प्याली, की बघू. रडणाऱ्या बाळाची तपासणी खरी येत नाही." आपल्या टेबलाशेजारी मला खुर्ची दिलीत आणि पुढचे पेशंट घेत राहिलात. ती उठली तेव्हा तुम्ही नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. तो झाकून बाजूला सरकवलात, तळहात एकमेकांवर घासून गरम केलेत आणि मग तिला हात लावलात. मला तिथेच रडू फुटलं. जन्मल्यापासून तिने सुया सोसल्या, नळ्या सोसल्या. हात गरम करून तिला कुणी घेतलं नव्हतं.

मग लाल चेंडू तिच्या डोळ्यांपुढे फिरवलात, हात धरून तिला बसती केलीत, पोटाखाली तळवा घेऊन अधांतरी धरलीत, गुडघ्यावर छोटी हातोडी मारलीत. जीभ थरथरते का, ते तर कितीतरी वेळ बघत होतात. कागदावर बाळांची रेखाचित्रं होती, २६ बाबी, एकूण ७८ गुण. शेवटी म्हणालात, हिचं वय सहा महिने धरायचंच नाही. दहा आठवडे वजा करा, साडेतीन महिन्यांची आहे ही. अंग सैल आहे, पण ताकद आहे. पाय बघा कशी वर झाडतेय!

तो कागद लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलातून आला, हे तुम्हीच सांगितलंत. त्यामागे होते व्हिक्टर आणि लिली डुबोविट्झ, नवरा-बायको, दोघेही डॉक्टर. व्हिक्टर मुलांच्या स्नायूंच्या आजारांवर काम करत. नुसतं सैल असलेलं बाळ आणि खरोखर अशक्त असलेलं बाळ वेगळं ओळखा, हे त्यांनी १९६९ सालीच लिहून ठेवलं. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं ते त्याची त्वचा, कान, हातापायांची ठेवण बघून ठरवायची पद्धत दोघांनी १९७० साली दिली. लिली २०१६ साली गेल्या. माझ्या मुलीला त्यांचा उपयोग झाला, हे त्यांना कळवायला हवं होतं असं फार वाटतं.

त्या आधीच्या डॉक्टरांवरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो केवळ निदान चुकलं म्हणून नाही. तिला खरंच स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा जनुकीय आजार, असता तर? त्या आजाराचं जनुक १९९५ साली सापडलं, पहिलं औषध २०१६ साली मान्य झालं. औषध भयंकर महाग आहे, हे खरं. पण मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, म्हणून तिथे एकेक आठवडा मोलाचा. "काही होत नाही" म्हणून घरी पाठवणं हे तर तेव्हा अधिकच वाईट ठरलं असतं. बाळाला हात लावून बघायला कुठलं मशीन लागतं? हॅमरस्मिथच्या कागदाला लागतं एक चेंडू, एक हातोडी आणि थोडा वेळ. तो वेळ तुम्ही आपल्या जेवणातून काढलात. अशी माणसं सरकारी, खाजगी, सगळीकडे आहेत, गाजावाजा न करता काम करतात, आणि आमच्यासारख्यांची घरं त्यांच्यामुळे उभी राहतात.

पुढच्या तपासण्यांचं इथे लिहीत नाही, तुम्हाला सगळं ठाऊकच आहे. आता ती सोप्याचा कठडा धरून चालते. डावी टाच अजून नीट टेकत नाही, व्यायाम चालू आहेत, सासूबाई एक दिवस चुकवू देत नाहीत.

चवथीला घरी या. नेवऱ्यांचा डबा तुमच्या नावाने वेगळा काढणार आहोत. जमलं नाही तर तो मी दवाखान्यात आणून देईन, पण या.

तुमची,
साखळीची एक आई