आईने सही करण्यापूर्वी

बॉस्टन,
८ मार्च २०२६

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मृणालला अमेरिकेतील दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रे आल्याचे ऐकून मला फार आनंद झाला. परंतु बाबा फोंड्याच्या बँकेत जाऊन आपले सुपारी-नारळाचे कुळागर तारण ठेवण्याची चौकशी करून आले आणि कुडाळच्या मामांनी जामीन राहण्याची तयारी दाखवली, हेही तिने त्याच फोनवर सांगितले. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पत्र मामांनाही वाचून दाखवावे.

तिने पाठवलेली दोन्ही पत्रे मी ओळ न् ओळ वाचली. पहिल्यात एका वर्षाच्या एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, गुणवत्तेची म्हणून १५,००० डॉलरची शिष्यवृत्ती देऊ केली आहे. दुसरे तीन वर्षांच्या जेडीचे, म्हणजे येथील वकिलीच्या मूळ पदवीचे आहे आणि त्यात शिष्यवृत्तीचा उल्लेखही नाही, घरच्या आर्थिक स्थितीचा अर्ज भरून पाठवा एवढेच लिहिले आहे. त्यामुळे सावईवेऱ्याला घरी सर्वांचा कल पहिल्या पत्राकडे झाला असणार. माझे मत त्याच्या उलट आहे.

येथील मोठ्या विद्यापीठांत कायद्याच्या एका वर्षाची नुसती फीच ७५,००० डॉलरच्या वर गेली आहे आणि राहण्याजेवण्याचा खर्च धरला तर आकडा एक लाखाच्या पलीकडे जातो. त्यातून १५,००० वजा झाले तरी उरलेले सारे आपल्यालाच उभे करावे लागेल. याउलट हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड येथील जेडीला गुणवत्तेची शिष्यवृत्ती मुळात नसतेच. तेथे केवळ गरज पाहून साहाय्य देतात, आणि मृणालचे दुसरे विद्यापीठही त्याच पद्धतीने चालते. एकूण खर्चातून घरचे कुटुंब किती भार उचलू शकेल ते वजा करतात, उरलेल्या गरजेचा पहिला भाग विद्यार्थ्याने कर्जाने उभारायचा असतो आणि त्यापुढची रक्कम अनुदान म्हणून मिळते, जी परत करावी लागत नाही. मी ज्या अनुदानावर शिकले ते हेच.

हा अर्ज भरताना माझ्या हातून झालेली चूक मृणालने करू नये. मालमत्तेच्या रकान्यात मी संपूर्ण कुळागर बाबांच्या नावावर दाखवले आणि तेथे चालू बाजारभाव लिहिला. आपले घर श्रीमंत आहे असा कार्यालयाचा समज झाला आणि अनुदान निम्म्यावर आले. मग मी जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा इंग्रजी भाषांतरासह पाठवला. जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, गोव्याच्या कायद्याप्रमाणे मुलींनाही मुलांइतकाच हिस्सा असल्यामुळे तीत काकांचा आणि दोन्ही आत्यांचा वाटा आहे, आणि सुपारी-नारळाचे वर्षाचे उत्पन्न अमुक इतकेच येते, हे तीन पानी पत्रात समजावून सांगितले. सहा आठवड्यांनी निर्णय बदलला. ते पत्र माझ्याकडे आहे, मृणालला पाठवीन. काहीही लपवू नये, पण जे आपले नाही ते आपले म्हणून लिहूही नये.

आता कर्जफेडीविषयी, कारण घरात तिचा विचार अजून कोणी केलेला दिसत नाही. माझ्या कर्जाचा हप्ता दरमहा ७२८ डॉलर आहे. घरातून हुसकावल्या जाणाऱ्या भाडेकरूंची प्रकरणे विनामूल्य चालवणाऱ्या संस्थेत मी काम करते. तेथील पगारात भाडे आणि हा हप्ता दोन्ही भागले नसते. हप्त्यापैकी १४० डॉलर मी भरते आणि उरलेले ५८८ विद्यापीठ भरते. दरवर्षी मी पगाराच्या पावत्या आणि आयकराचे विवरणपत्र पाठवते, त्यांवरून माझा वाटा ठरतो, आणि पगार वाढला की तोही वाढतो. हार्वर्डने ही पद्धत १९७८ मध्ये सुरू केली आणि पुढे अनेक विद्यापीठांनी ती स्वीकारली, परंतु बहुतेक ठिकाणी ती जेडीच्या पदवीधरांपुरतीच असते. एलएलएम करून मृणाल बाहेर पडली तर तिच्या हप्त्याला असा हात देणारे बहुधा कोणी नसेल.

माझ्या अमेरिकन सहाध्यायांना २००७ च्या कायद्याचाही आधार आहे. सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत पूर्ण वेळ नोकरी करीत १२० हप्ते भरले, की सरकारकडून घेतलेले उरलेले कर्ज माफ होते. ते सरकारी कर्ज विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही, त्यामुळे कोणी मामांना त्या माफीचा भरवसा दिला असेल तर तो आपल्याला लागू नाही.

मृणालला परत येऊन मुंडकारांची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची, प्रकरणे चालवायची आहेत. १९७५ चा मुंडकार कायदा असूनही आपल्याच वाड्यावरच्या कुटुंबांची प्रकरणे मामलेदारांपुढे किती वर्षे पडून आहेत हे तिने लहानपणापासून पाहिले आहे, आणि तिचा हा निश्चय मला फार मोलाचा वाटतो. पण त्या कामाचे पैसे रुपयांत आणि तेही तुटपुंजे मिळणार, तर हप्ता डॉलरमध्ये जाणार. अमेरिकेबाहेरचे काम कर्जफेडीच्या साहाय्यासाठी काही विद्यापीठे धरतात, काही धरत नाहीत. हे तिने विद्यापीठाला आताच लेखी विचारावे. दोन्ही पत्रांत मला याहून महत्त्वाचा प्रश्न दिसत नाही. बाबांनी या आठवड्यात गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढून ठेवावा, म्हणजे जे थोडे कर्ज काढावेच लागेल त्यावर निदान व्याज चढणार नाही.

कुळागर तारण ठेवायचे तर आधी इन्व्हेंटरी, म्हणजे आजोबांच्या मालमत्तेची वारसांत कोर्टामार्फत वाटणी, व्हावी लागेल, काका आणि आत्या यांच्याबरोबर काकूंची आणि आत्यांच्या यजमानांचीही संमती घ्यावी लागेल, आणि आपल्याकडे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असल्यामुळे बाबांच्या हिश्श्यासाठी आईची सही लागेलच. मिरवेली आजीने स्वतः लावल्या आहेत. आई, विद्यापीठाचे लेखी उत्तर येऊन ते मी वाचेपर्यंत तू कोणत्याही कागदावर सही करू नकोस, मग बँकेचा माणूस घरी आला तरी.

मामांना नमस्कार, मृणालला आशीर्वाद.

आपली,
वैजयंती