शेवटच्या दिवसांतल्या मधुमेही रुग्णांसाठी मदतीचे आवाहन

समस्त ग्रामस्थ आणि मुंबईकर चाकरमानी मंडळींना सप्रेम नमस्कार.

संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यांवर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची आमचा गट घरी जाऊन काळजी घेतो. कर्करोग किंवा किडनीच्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या कित्येकांना जुना मधुमेहही असतो, आणि घरचे त्यालाच जास्त धास्तावलेले असतात.

एका घरी आजींच्या पोटात दोन घोट पेजेपलीकडे काही जात नव्हतं. मधुमेहाची गोळी मात्र वेळच्या वेळी चालू. उशी घामानं भिजलेली, बोलण्यात ताळमेळ नाही. साखर उतरली होती. जेवण सुटलं, किडनी थकली की साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर लांबतो आणि असं होतं. अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळ्या कमी किंवा बंद कराव्या लागतात. साखर साधारण ११० ते २७० च्या दरम्यान राहिली आणि रुग्णाला त्रास नसला, की पुरे. आजींनी चमचाभर शिरा मागितला तर खुशाल द्यावा. टाइप १ च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा रुग्णाचं इन्शुलिन मात्र पूर्ण थांबवता येत नाही, आणि स्टेरॉइड चालू असेल तर साखर चढते. म्हणून घरी जाऊन तपासणारं माणूस लागतं.

त्यासाठी परिचारिकेचं मानधन, दुचाकीचं पेट्रोल, ग्लुकोमीटर (साखर मोजायचं यंत्र) आणि त्याच्या पट्ट्या हव्या आहेत. पट्ट्या त्याच मीटरच्या लागतात, म्हणून घेण्याआधी आम्हाला विचारा. सिरिंज लाल टोपणाची, यू-४०, आणावी. आपल्याकडे बाटलीतल्या बहुतेक इन्शुलिनमध्ये मिलिलिटरला ४० युनिट असतात. नारिंगी टोपणाच्या यू-१०० सिरिंजच्या खुणेवर तेच भरलं तर डोस निम्म्याहून कमी जातो. पावसात वीज गेली की इन्शुलिन सांभाळायला थंड पेट्याही लागतील. घरात उरलेलं, फोडलेलं इन्शुलिन कृपया देऊ नका. ते कसं ठेवलं होतं हे आम्हाला कळत नाही.

निवृत्त परिचारिका आणि आशाताईंनी आठवड्यातून एक दुपार दिली तरी मोठा आधार होईल. मुंबईकरांनी गणपतीला येताना सामान आणलं तरी चालेल, पण रोख मदत पावसाआधी हवी आहे. सामान आणि देणगी ग्रामपंचायत कार्यालयात जमा करावी, पावती तिथेच मिळेल. घरात असा रुग्ण असेल तर तेही तिथेच कळवा. सेवेचे पैसे घेतले जात नाहीत.