व्हिटबीची सहल आणि चिऊच्या कुर्ल्या

लीड्स,
मंगळवार, ऑगस्टअखेर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार. आजीला आम्हा तिघांचा नमस्कार. दादा-वहिनींनाही सांग.

फोनवर रोज बोलणं होतंच. पण आधी "जेवलात का", मग "पाऊस आहे का" आणि तेवढ्यात चिऊ फोन हिसकावून घेते, की सांगायचं ते राहूनच जातं. कालच्या सहलीचं मात्र तुम्हाला सगळं साग्रसंगीत सांगायचंय, म्हणून आज चिऊ झोपल्यावर पत्र लिहायला बसले. आजीला मोठ्याने वाचून दाखव. कुर्ल्यांचा भाग दोनदा वाच, तिला आवडेल.

काल इथे इंग्लंडात बँक हॉलिडे होता. बाबा, तुम्ही विचारलं होतंत ना, बँकेची सुट्टी अख्ख्या देशाला कशी? १८७१ साली सर जॉन लबक यांनी हा कायदा करून घेतला. ते खासदार होते आणि स्वतः बँकवालेही. बँका बंद म्हटल्यावर व्यवहार थांबले आणि हळूहळू सुट्टी सगळ्यांचीच झाली. ऑगस्टमधली सुट्टी तेव्हा पहिल्या सोमवारी असायची, आता शेवटच्या सोमवारी असते. म्हणजे दरवर्षी सोमवारीच, आणि या वर्षी नेमका श्रावणी सोमवार. समुद्रावर जायचं, जिथे गल्लोगल्ली मासे तळले जातात तिथे, आणि तेही श्रावणी सोमवारी! आजी आत्ताच हसायला लागली असणार.

पहाटे उठून डबा केला. तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची चटणी आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. पुऱ्या लाटताना आई, तू सारखी डोळ्यांपुढे येत होतीस. गणपतीपुळ्याला जायचं असलं की तू अंधारात उठून चूल पेटवायचीस आणि आम्ही उठायच्या आत डबे बांधून तयार असायचे. तेव्हा आम्हाला फक्त खिडकीची जागा दिसायची. तू किती वाजता उठलीस, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. आज विचारते. आणि त्या सगळ्या डब्यांसाठी मनापासून थँक्यू म्हणते. तुला हे असलं बोलणं आवडत नाही, पण पत्रात तू मला अडवू शकत नाहीस.

आम्ही बसने गेलो. लीड्सहून व्हिटबीला जाणारी ८४० नंबरची कोस्टलायनर, दुमजली. २०१८ साली सबंध ब्रिटनमधला सर्वांत निसर्गरम्य बसमार्ग म्हणून तिची निवड झाली होती. आणि तिकीट मोठ्या माणसाला एका फेरीचे फक्त तीन पौंड! सरकारने बसभाड्याला तेवढी मर्यादाच घालून दिली आहे. वहिनीला आपल्या एसटीत अर्धं तिकीट आणि आजीला पंचाहत्तरीनंतर एकदम फुकट प्रवास, हे मी तुझ्या जावयांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी आजींनाच बरोबर आणू, त्या काहीतरी सवलत काढतीलच."

वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे, काचेला लागून चार जागा असतात. तिथे बसलं की ड्रायव्हर आपणच आहोत असं वाटतं. चिऊ धावत जाऊन तिथे बसली आणि पलीकडे एक पांढऱ्या केसांच्या आजी तितक्याच धावत येऊन बसल्या! दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी खुदकन हसल्या. त्या आजी वाटेतल्या पिकरिंग गावापर्यंत होत्या. झाडाची फांदी काचेवर आपटली की दोघी मिळून ओरडायच्या.

पिकरिंगनंतर मूर्स लागतात, म्हणजे उंचावरचा उघडा माळ. ऑगस्टमध्ये त्यावर हेदरची फुलं येतात आणि नजर पोचेल तिथवर जांभळं होऊन जातं. वाटेत रस्त्याला लागूनच एक प्रचंड खोलगट दरी आहे, होल ऑफ हॉर्कम. झऱ्यांच्या पाण्याने हजारो वर्षं डोंगर पोखरून ती तयार झाली. पण इथल्या लोकांची कथा वेगळी. वेड नावाचा एक राक्षस बायकोशी भांडला आणि रागाच्या भरात मूठभर माती उचलून त्याने तिच्या दिशेने फेकली. मूठ उचलली तिथे दरी झाली, आणि नेम चुकून माती पडली तिथे टेकडी. मी ही गोष्ट सांगून संपवली तर चिऊ म्हणते, "मग तिने काय फेकलं?" तुझे जावई पटकन म्हणाले, "तिने लाटणं फेकलं, आणि तिचा नेम चुकला नाही." आमच्या मागे बसलेल्या बाईंना चिऊने ते इंग्रजीत समजावून सांगितलं, लाटणं हातात धरून कसं फेकायचं त्याच्या अभिनयासकट.

व्हिटबी म्हणजे एस्क नदीच्या मुखाशी दोन कड्यांमध्ये वसलेलं बंदर. एका कड्यावर सेंट मेरी चर्च आणि त्यामागे जुन्या मठाचे उंच भग्न अवशेष. मठाची स्थापना ६५७ सालची, पहिली प्रमुख हिल्डा नावाची स्त्री. १५३९ मध्ये आठव्या हेन्री राजाने तो बंद केला. तिथे जायला १९९ पायऱ्या आहेत. आजी, या पायऱ्या चिऊने मराठीत मोजल्या! तू फोनवर रोज आकडे म्हणून घेतेस त्याचं सगळं श्रेय तुला. अठ्ठेचाळीसनंतर मात्र तिने स्वतःची वाट काढली. "नवचाळीस, पन्नास", मग "अठ्ठावन्न, नवपन्नास, साठ". आम्ही काही बोललो नाही. तिचा हिशेब इतका सरळ होता की सुधारावंसं वाटेना. मधेमधे बसायला बाकं आणि रुंद सपाट जागा आहेत. पूर्वी वरच्या दफनभूमीत शवपेटी नेताना खांदेकऱ्यांना टेकायला त्या उपयोगी पडायच्या. आता तिथे सगळे दमलेले पर्यटक बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. काठी टेकत उतरणारे एक गृहस्थ चिऊपाशी थांबले, तिने कितीपर्यंत मोजलं ते विचारलं आणि म्हणाले, "मी उलटा मोजतोय, आपण मधे कुठेतरी भेटलो." मार्लेश्वरला चढताना अनोळखी माणसं "आलंच, आलंच" म्हणत हात द्यायची, ते आठवलं.

वर गवतात बसून डबा उघडला. तेवढ्यात पाऊस आला. आई, इथली माणसं पाऊस आला म्हणून सहल मोडत नाहीत, हे मला फार म्हणजे फार आवडतं. कुणी पळालं नाही. सगळ्यांनी शांतपणे रेनकोट चढवले आणि हातातलं आइस्क्रीम तसंच खात राहिले. आम्ही पण पुऱ्या छत्रीखाली धरून खाल्ल्या. पाचच मिनिटांत ऊन पडलं.

वहिनी नेहमी विचारते, पॅरिस कधी, स्वित्झर्लंड कधी. जाऊ गं, जरूर जाऊ. पण मला या एका दिवसाच्या, डबा बांधून केलेल्या सहलींनी इथे रुळवलं. इथे आले तेव्हाच्या पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायचा आणि मला घरची आठवण यायची. तेव्हापासून शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या बसमध्ये बसून जवळपासच कुठेतरी जायचं, हे आम्ही सोडलं नाही. बाजाराचं गाव, नदीकाठ, एखादा डोंगर. परत येताना लीड्सच्या बसस्थानकावर उतरलं की "आलो घरी" असं तोंडातून निघतं.

आता मासे. यॉर्कशायरमध्ये बऱ्याच ठिकाणी मासे आणि चिप्स दोन्ही गोवंशाच्या चरबीत तळतात, त्याला बीफ ड्रिपिंग म्हणतात. त्यामुळे विचारल्याशिवाय आम्ही चिप्सही घेत नाही. पहिल्या दुकानातल्या मुलीने "आमच्याकडे ड्रिपिंगच आहे" असं सांगितलं आणि लगेच काउंटरच्या बाहेर येऊन, पलीकडच्या गल्लीत तेलात तळणारं दुकान कुठे आहे ते हात करून दाखवलं. स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवताना तिला जराही वाईट वाटलं नाही. त्या दुसऱ्या दुकानात तुझ्या जावयांनी आणि चिऊने हॅडॉक घेतला (ते श्रावण पाळत नाहीत हे तुला ठाऊक आहेच), मी चिप्स आणि वाटाण्याचं मऊ हिरवं पीठलं. वर मीठ, व्हिनेगर. आणि स्क्रॅप्स! म्हणजे मासे तळताना कढईत सुटलेला पिठाचा कुरकुरीत चुरा. तो मागितला की वर भुरभुरून देतात. तू भजी तळल्यावर झाऱ्याने काढतेस आणि दादा ज्याच्यासाठी भांडतो, अगदी तोच प्रकार. मी घेतला नाही, माशाबरोबरच तळलेला ना. पण चिऊने दादामामाच्या वाटणीचाही खाल्ला.

बंदराकाठी बाकावर बसून तुझ्या जावयांनी हॅडॉकचा मोठा तुकडा मोडला, फुंकर घातली, तोंडाजवळ नेला, आणि मागून एक सीगल आला नि तुकडा घेऊन गेला! पंख पसरले की केवढा मोठा दिसतो तो पक्षी. हात तसाच तोंडाशी, आणि बोटांत काही नाही. क्षणभर आम्हाला कळलंच नाही काय झालं. मग शेजारच्या बाकावरचं अख्खं कुटुंब हसायला लागलं, मग आम्ही, मग हे स्वतः. त्या कुटुंबातल्या काकूंनी आपली छत्री उघडून यांच्या डोक्यावर धरली आणि खाऊन होईपर्यंत खाली घेतली नाही. "माझ्या नवऱ्याचा तर अख्खा मासा नेला होता," म्हणाल्या. मी त्यांना पुऱ्या दिल्या. त्यांनी विचारून विचारून, त्यात ओवा आहे इथपर्यंत शोध लावला.

आणि आता कुर्ल्या. बंदराच्या धक्क्यावर ओळीने मुलं पालथी पडलेली असतात, प्रत्येकाजवळ बादली आणि रिळाला गुंडाळलेली दोरी. दोरीच्या टोकाला गळ नसतो, जाळीची एवढीशी पिशवी असते आणि तीत बेकनचा, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा. ती पाण्यात तळापर्यंत सोडायची आणि वाट बघायची. कुर्ली वासाने येते, नांगीने पिशवी पकडते आणि हावरटपणाने सोडतच नाही. मग दोरी हळूहळू, अगदी हळूहळू ओढायची. चिऊने पहिल्यांदा झटका दिला आणि कुर्ली अर्ध्या वाटेवरून टपकन खाली. शेजारच्या आजोबांनी तिचा हात धरून शिकवलं, "घाई नको, तिला जेवू दे." पुढच्या वेळी वर आली ती हिरवट, चिऊच्या तळहातापेक्षा थोडी मोठी, तिरकी पळणारी. आजोबांनी मागून, कवचाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटांनी कशी धरायची ते दाखवलं. चिऊने धरली! आणि एवढ्या जोरात "आई, कुर्ली!" ओरडली की पलीकडचे सगळे वळून बघायला लागले.

दादा, तू आता विचारणार की मग घरी किती आणल्या. एकही नाही. इथला नियम असा, की बादलीत समुद्राचंच पाणी घ्यायचं, फार गर्दी करायची नाही, मोजायच्या, नावं ठेवायची आणि परत पाण्यात सोडायच्या. चिऊच्या एका कुर्लीचं नाव "दादामामा" होतं, सगळ्यात जास्त खात होती म्हणून. संध्याकाळी सगळी मुलं धक्क्याच्या उतारावर बादल्या आडव्या करतात आणि कुर्ल्यांची शर्यत पाण्याकडे निघते. आजी, श्रावणी सोमवारी तुझ्या पणतीने कुर्ल्यांना जेवू घालून सुखरूप घरी पाठवलं. आहे की नाही पुण्याचं काम?

बाबा, तुमच्यासाठी एवढंच: प्रसिद्ध दर्यावर्दी कॅप्टन कुक तरुणपणी याच गावात जहाजमालकाकडे उमेदवारी करत होता आणि त्याचं एन्डेव्हर हे जहाज इथेच बांधलेलं, मूळचं कोळसा वाहणारं. त्याच्या पुतळ्याजवळ देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान आहे, तिच्यातून पलीकडचा मठ बरोबर चौकटीत दिसतो. फोटो दादाला पाठवलाय, मोठा करून बघा. बाकी सगळं तुम्ही आल्यावर तुम्हीच आम्हाला सांगाल.

मे महिन्यात या. मेमध्ये इथे दोन बँक हॉलिडे असतात. आजीच्या गुडघ्यांची काळजी करू नका, पायऱ्यांवर बाकं आहेत आणि तिला कितीही वेळ बसलेलं चालतं. मी बसमधल्या पुढच्या जागा धरीन.

गणपती जवळ आले. आरास यंदा काय करताय ते दादाला कळवायला सांग, आणि आरतीच्या वेळी फोन लावा, चिऊला "सुखकर्ता" सगळं पाठ झालंय. मोदकाच्या उकडीला इथल्या तांदळाच्या पिठात पाणी किती घालायचं ते वहिनीला विचारून ठेव.

तुमची,
मनू

ता. क. चिऊ म्हणते, दादामामाला सांग की त्याने शर्यतीत दुसरा नंबर काढला.