मालकीण म्हणून ये

चि. मयूरीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याची नोकरी सोडून देवबागला येतेस, आपल्या पर्यटकांच्या खोल्यांचं काम बघतेस म्हणालीस. फोनवर घाईत सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. खुशाल ये. फक्त पहिल्या दिवसापासून मालकीण म्हणून ये.

१९९७ साली आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, तेव्हा तुझा जन्मही नव्हता. पुढे तारकर्ली-देवबागात घरोघरी खोल्या झाल्या. कुठल्याही घरात डोकाव, पहाटे उठून घावणे घालणारी, सुरमईला मसाला लावणारी, चादरी धुणारी बाईच दिसेल. परवाना मात्र घरमालकाच्या नावावर, कारण घरपट्टीचा उतारा त्याचा. आपल्या पडवीतल्या भिंतीवर पैसे भरायचा क्यूआर कोड आहे ना, तोही बाबांच्या खात्याचा. बाबा मागितले की लगेच देतात, पण मागावे लागतात.

मागच्या खोल्यांना नव्या न्हाण्या बांधायच्या म्हणून मी कर्जासाठी बँकेत गेले, तर तिथले साहेब म्हणाले, "मालकांना पाठवा." इतकी वर्षं धंदा केला, पण माझ्या खात्यात त्याचा एक रुपया दिसत नव्हता. मला फार लागलं ते.

म्हणून सांगते, कागद आधी. राज्य सरकारचं २०२३ चं बायकांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण नीट वाच. पर्यटनाचा धंदा बाईच्या मालकीचा असेल आणि ती स्वतः चालवत असेल, तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं, तेही सात वर्षं किंवा परत मिळालेलं व्याज साडेचार लाख होईपर्यंत, जे आधी होईल तोवर. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, निम्म्या कामगार बायका लागतात आणि हप्ते वेळेवर भरावे लागतात. निम्म्या बायकांची अट आपल्याला जड नाही, वाडीत कामाच्या बायका पुष्कळ आहेत. त्यांना पगार मात्र ठरवून, महिन्याच्या महिन्याला द्यायचा.

थाळीचा दर ठरवताना मासळी, नारळ, गॅस सगळं धरतात, फक्त रांधणारीची मजुरी कोणी धरत नाही. तू धर. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी धर. शिवाय पावसाळ्यात बोटी बंद असतात, खोल्या रिकाम्या राहतात. मे महिन्याच्या कमाईतूनच ते महिने काढायचे असतात.

आता एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर फिरणाऱ्या मुली खूप येतात. फोनवर आधी विचारतात, घरात बाई आहे का? माझा आवाज ऐकला की बुकिंग पक्कं करतात. त्यांच्यासाठी दाराला आतून चांगली कडी, अंगणात रात्रभर दिवा आणि दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांना सरळ नकार, एवढं सांभाळ. दोन गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात, तिथे एकदा जाऊन ये. पाहुण्यांशी कसं बोलतात, पैशाचा हिशेब कसा ठेवतात, ते विचारून घे.

बाबांशी आणि दादाशी मी बोलले आहे. मागच्या खोल्या तुला रीतसर भाडेकराराने द्यायच्या, करार नोंदवायचा, क्यूआर कोड तुझ्या खात्याचा लावायचा. "उद्या लग्न झालं की काय?" असं दादाने विचारलं. लग्नानंतरही धंदा तुझाच राहील असं करारातच लिहू, म्हटलं. तो कबूल आहे.

येताना आधार, पॅन आणि पासपोर्ट साइझ फोटो आण.

तुझी,
आई