नमुना जपला, तरच ओलाव्याचा वाद मिटेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोयाबीनच्या हंगामात चर्चा होते ती हमीभावाची, खरेदी केंद्रांच्या संख्येची आणि बारदान्याच्या टंचाईची. ती व्हायलाच हवी. पण ज्या दोन मिनिटांत मालाचा ओलावा आणि मातेरे, म्हणजे त्यातला माती-काडीकचरा, ठरते, त्या दोन मिनिटांबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. ढिगात हात घालायचा, मूठभर दाणे ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या वाटीत टाकायचे, आकडा सांगायचा आणि दाणे पुन्हा ढिगात फेकायचे. शेतकऱ्याने हरकत घेतली तर दुसरी मूठ घेतली जाते, तिचा आकडा वेगळा येतो आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. पहिले दाणे ढिगात मिसळून गेलेले असतात, त्यामुळे बरोबर कोण होते हे नंतर कुणालाच दाखवता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे: तपासलेला नमुना फेकू नका, त्याचा जोडनमुना, म्हणजे त्याच दाण्यांचा दुसरा निम्मा भाग, सीलबंद ठेवा आणि वाद झाला तर तोच तिसऱ्याकडून तपासून घ्या.

हमीभाव खरेदीच्या एफएक्यू, म्हणजे सर्वसाधारण चांगल्या प्रतीच्या, निकषांत सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणि माती-काडीकचरा २ टक्क्यांपर्यंत चालतो. त्यापुढे गेला की केंद्रावरून माल परत जातो. खुल्या लिलावात तो परत जात नाही, तिथे भाव पडतो किंवा वजनात कपात होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांवर नेली आणि त्यापोटी येणारा जादा खर्च राज्याने सोसावा असे ठरवले. दिलासा मिळाला, पण मोजण्याची रीत होती तीच राहिली. मर्यादा १२ असो की १५, तिच्या अर्धा टक्का अलीकडे-पलीकडे असलेल्या शेतकऱ्याचा निकाल मुठीतल्या दाण्यांवरच लागतो.

मूठ का चुकते, हे ढीग कसा पडतो ते पाहिले की कळते. पोते ओतताना बारीक माती आणि फुटका दाणा जिथे पडतो तिथेच, ढिगाच्या पोटात बसतो. शेंगांची टरफले, काड्या, मोठी ढेकळे घरंगळत कडेला जातात. ट्रॉलीत मोकळा माल आणला असेल तर रस्त्यावरच्या हादऱ्यांनी माती तळाशी उतरते. म्हणून कडेच्या मुठीत कचरा जास्त, तळाच्या मुठीत माती जास्त, आणि वरच्या मुठीत माल स्वच्छ व कोरडा दिसतो. ही चूक दोन्ही बाजूंनी मुद्दाम करता येते, हे शेतकऱ्यांनीही मान्य करावे. आत ओला आणि तोंडाशी वाळलेला माल भरलेली पोती बाजारात येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पोत्यांतून नमुना घेण्याचा जुना, सर्वमान्य हिशेब सोपा आहे. दहापर्यंत पोती असतील तर प्रत्येक पोत्यातून, दहा ते शंभर असतील तर कुठल्याही दहांतून, आणि शंभराच्या वर असतील तर पोत्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पोत्यांतून नमुना घ्यायचा. चारशे पोती असतील तर वीस. ‘कुठलीही’ याचा अर्थ थप्पीच्या पुढची, हाताशी आलेली नव्हे. परखी, म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार पन्हळीची नळी, तोंड खाली ठेवून तिरकी आत घालावी आणि पोत्याच्या मध्यापर्यंत गेल्यावर अर्धा फेरा देऊन तोंड वर करावे. तोंड वर ठेवूनच खुपसली तर ती कडेच्या दाण्यांनीच भरते आणि मधला माल नमुन्यात येतच नाही. मोकळ्या मालाचा नमुना ढिगातून घेण्यापेक्षा ट्रॉली रिकामी होताना पडत्या धारेतून घेणे केव्हाही चांगले: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, धारेच्या पूर्ण रुंदीतून भांडे फिरवून.

जमलेले दाणे ताडपत्रीच्या स्वच्छ तुकड्यावर एकत्र करून शंकूसारखा ढीग करावा, तो चपटा करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत आणि उरलेले दोन पुन्हा मिसळावेत. किलो-दीड किलो उरेपर्यंत हेच करायचे. मग निम्मे दाणे तपासणीला आणि निम्मे जाड, हवाबंद प्लास्टिक पिशवीत. कापडी पिशवी इथे चालत नाही, कारण सोयाबीनचा दाणा हवेतला दमटपणा पटकन घेतो आणि तितक्याच पटकन सोडतो. मातेरेही नजरेने ठरवू नये. नमुना आधी तोलावा, चाळावा, माती, खडे, काड्या वेगळ्या काढून ग्रॅममध्ये तोलाव्यात. ५०० ग्रॅम नमुन्यात १० ग्रॅम कचरा म्हणजे २ टक्के. डाळ झालेला, सुरकुतलेला किंवा डागी दाणा मातेऱ्यात मोजला जातो, ही फार मोठी आणि फार नेहमीची चूक आहे. निकषांत त्याचे रकाने वेगळे आहेत.

मीटरबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. बाजारातले बहुतेक ओलावामापक दाण्यातले पाणी थेट मोजत नाहीत, दाण्यांच्या विद्युत गुणधर्मांवरून त्याचा अंदाज काढतात. म्हणून यंत्रात पीक सोयाबीनच निवडलेले हवे. आधीच्या तपासणीतला हरभरा तसाच राहिला असेल तर आकडा चुकणारच. वाटीच्या तळाशी साचलेली धूळ, उतरलेली बॅटरी, दाणे ठोकून भरणे, ठरलेल्यापेक्षा कमी-जास्त दाणे घेणे, यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो. उन्हात तापलेला माल तसाच वाटीत टाकला आणि यंत्रात तापमानाची दुरुस्ती नसली तरीही तेच होते. एकाच नमुन्याची तीन वाचने घेऊन सरासरी काढावी, आणि वाचनांत अर्ध्या टक्क्याहून अधिक फरक असेल तर नमुना पुन्हा मिसळून सुरुवात करावी.

एक वाद मात्र असा आहे की त्यात कुणीच खोटे बोलत नसते. उन्हात पसरलेला दाणा आधी बाहेरून सुकतो, आतले पाणी सावकाश बाहेर येते. त्याच दुपारी मोजले तर आकडा मर्यादेत दिसतो. रात्रभर पोत्यात राहिल्यावर ओलावा दाण्यात सारखा पसरतो आणि सकाळी केंद्रावर तोच माल टक्काभर जास्त भरू शकतो. शेतकऱ्याला वाटते मीटर बिघडवला, प्रतवारी करणाऱ्याला वाटते शेतकऱ्याने पाणी मारले. यावर उपाय म्हणजे पातळ थरात वाळवून, वेळोवेळी पालथे घालून, माल झाकून एक रात्र ठेवावा आणि मगच मोजून पोती भरावीत. दवाने भिजलेल्या मालाचे उलट होते. वरचा दाणा ओला असल्याने खऱ्यापेक्षा जास्त आकडा येतो, त्यामुळे पहाटे उघड्यावर उभ्या ट्रॉलीची तपासणी वरच्या थरावरून करणे अन्यायाचे आहे.

आता हिशेब. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये ८६ किलो कोरडा माल असतो. तो १२ टक्क्यांवर आणला की वजन ८६ भागिले ०.८८, म्हणजे ९७.७३ किलो भरते. घट २.२७ किलो. १२ च्या वरच्या प्रत्येक टक्क्यामागे खरी घट १.१४ किलो, त्याहून जास्त नाही. टक्क्याला दोन किलो कापले जात असतील तर उरलेले ८६० ग्रॅम कशाचे, हे सांगितले गेले पाहिजे. वाळवणीचा खर्च असेल तर तो खर्च म्हणून पावतीवर यावा, ‘घट’ म्हणून नव्हे. २० क्विंटल माल, ओलावा १४ टक्के, मीटरने दाखवला १५ आणि कपात टक्क्याला दोन किलो, असे धरा. कपात १२० किलो होते, खरी घट ४५ किलोंच्या आसपास. २०२५-२६ च्या क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभावाने हा फरक ३,९७० रुपयांच्या घरात जातो. तोच माल ओला म्हणून भावातही खाली बोलला गेला असेल तर एकाच पाण्याचे पैसे दोनदा कापले गेले. आणि १० टक्क्यांपर्यंत वाळवून आणणारा शेतकरी १०० किलोमागे दोन किलो जादा कोरडा माल देतो, त्याचा मोबदला त्याला कुठेच मिळत नाही.

वजनकाट्याची दरवर्षी पडताळणी होते, त्यावर शिक्का बसतो. मीटर एका टक्क्याने चुकला तर टक्क्याला दोन किलो कापणाऱ्या बाजारात क्विंटलमागे दोन किलो जातात. एवढी चूक काट्याने केली असती तर तो त्याच दिवशी बंद पडला असता. मीटरलाही तशीच तारीख आणि तसाच शिक्का हवा. पडताळणीची खात्रीची रीत ओव्हनची आहे: १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत दाणे वाळवायचे आणि वजनातली घट मोजायची. हंगामाच्या तोंडावर कोरड्या, मध्यम आणि ओल्या अशा तीन नमुन्यांवर प्रत्येक मीटर ओव्हनशी ताडून पाहिला आणि फरक यंत्रावर चिकटवला, तरी निम्मे वाद उभेच राहणार नाहीत.

केंद्रावर घेतलेला माल गोदामात पुन्हा तपासला जातो, तिथे दुसरा नमुना, दुसरा मीटर आणि दुसरा माणूस. मधल्या प्रवासात आणि थप्पीत थांबण्यात गेलेले दिवस कुणाच्या खाती धरायचे, याचे उत्तर केंद्रावरचा जोडनमुनाच देऊ शकतो. तो नसेल तर दोष सगळ्यात दुबळ्याकडे सरकतो.

कॅनडात हा प्रश्न एलेव्हेटरवर, म्हणजे शेतकऱ्यांचा गहू घेणाऱ्या मोठ्या धान्यकोठारांवर, शंभर वर्षांपूर्वीच पेटला होता. तिथे १९१२ च्या धान्य कायद्याने स्वतंत्र आयोग नेमला. प्रत किंवा मातेऱ्याच्या कपातीवर एकमत झाले नाही तर दोघांना मान्य असलेला प्रातिनिधिक नमुना आयोगाकडे जातो आणि त्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक असतो. आपल्याकडे ओव्हन असलेल्या प्रयोगशाळा कृषी विद्यापीठांत आहेत. लातूर, अकोला, वाशीम यांसारख्या मोठ्या सोयाबीन बाजारांपासून पणन खात्याने सुरुवात करावी. जोडनमुन्याच्या पिशवीवर शेतकरी आणि प्रतवारी करणारा, दोघांच्या सह्या असाव्यात, पैसे खात्यात जमा होईपर्यंत ती बाजार समितीच्या ताब्यात राहावी, आणि प्रयोगशाळेचे शुल्क ज्याचा आकडा चुकला त्याने भरावे. तोलाईच्या पावतीवर मीटरचा क्रमांक, पडताळणीची तारीख, तिन्ही वाचने आणि मातेऱ्याचे ग्रॅम एवढ्या चार ओळी येत्या हंगामापासून छापाव्यात.

आपले,
सोयाबीन उत्पादक शेतकरी