हत्यार घेऊन पाठलाग, मग स्वसंरक्षण कोणाचं? कोल्हापूरच्या पोलीस अधीक्षकांना खुले पत्र

मा. जिल्हा पोलीस अधीक्षक, कोल्हापूर यांस,

महोदय,

गावात चोर शिरल्याची पोस्ट फिरली की काठ्या-कुऱ्हाडी घेऊन पोरं मोटारसायकलींवर गस्तीला निघतात. अनोळखी माणसामागे लागलो आणि त्याने उलट हात उचलला, तर त्याला मारणं म्हणजे स्वसंरक्षण, अशी त्यांची पक्की समजूत असते. ती चूक आहे, हे आपल्या खात्याने गस्तीच्या दलांना लेखी कळवावं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. कलम 40 नुसार हल्ल्याच्या प्रयत्नातून किंवा धमकीतून धोक्याची रास्त भीती वाटली की शरीराच्या बचावाचा हक्क सुरू होतो. वाट अडवून कुऱ्हाड उगारली, तर ही भीती कोणाला वाटणार? पळणाऱ्याला. त्याने बचावापुरता दगड भिरकावला किंवा कुऱ्हाडीच्या दांड्याला हात घातला, तर कलम 34 प्रमाणे तो गुन्हाच नाही. आणि जो गुन्हा नाही, त्याच्याविरुद्ध पाठलाग करणाऱ्याला बचावाचा हक्क मिळत नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जियात 23 फेब्रुवारी 2020 रोजी अहमोद आर्बरी हा तरुण धावत असताना तिघांनी गाड्यांतून त्याचा पाठलाग केला. त्याने बंदुकीला हात घातला म्हणून गोळी झाडली, असा बचाव झाला. नोव्हेंबर 2021 मध्ये ज्युरीने तिघांनाही दोषी ठरवलं. कायदा तिथला, पण बचाव ओळखीचाच आहे.

चोर माल घेऊन पळत असेल, तर कलम 43 खाली मालाच्या बचावाचा हक्क काही काळ टिकतो. मात्र साध्या चोरीसाठी जीव घेता येत नाही. पकडून ठेवायचं तर अटक आणि तपासाची पद्धत ठरवणाऱ्या वेगळ्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 40 पाहावं: दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा आपल्यासमोर घडलेला हवा (फरारी घोषित गुन्हेगाराची गोष्ट वेगळी), आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. नुसत्या संशयावर चावडीत डांबणं हा स्वतंत्र गुन्हा. पाच किंवा अधिक जण एकाच बेकायदा हेतूने जमले, म्हणजे 'बेकायदा जमात' ठरली, तर मोटारसायकल चालवणारा पोरगाही न्याय संहितेच्या कलम 190 खाली अडकतो. शिवाय बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची. गळीत हंगामात रात्री-अपरात्री फडाकडे निघालेल्या परजिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या हातात कोयता असतोच. ते त्याचं अवजार आहे. धुळ्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्यांच्याकडे तर कोयताही नव्हता.

म्हणून एक पानी सूचनापत्र काढावं. गस्तीला बॅटरी आणि शिट्टी. कुऱ्हाड, कोयता नको. संशय आला तर अंतर राखून गाडीचा नंबर टिपावा, 112 ला आणि पोलीस पाटलाला कळवावं, रस्ता अडवू नये. माणूस पळाला तर दिशा सांगावी, मागे लागू नये. हंगामापूर्वी साखर कारखान्यांकडून ऊसतोड टोळ्यांचे तळ आणि मुकादमांचे फोन नंबर घेऊन ते पोलीस पाटलांना द्यावेत. आणि हेच पत्रक मुकादमांनाही मिळावं, म्हणजे रात्री अडवल्यास 112 लावायचा हे टोळीलाही ठाऊक असेल.

आपले,
कोल्हापुरात फौजदारी खटले चालवणारे काही वकील