आडकाठी सासूची की सर्जनच्या रजेची?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला बाळंतपणानंतरच्या नसबंदीच्या ऑपरेशनवरचा लेख काल वाचला. (पुरवणी आमच्या गावात सोमवारी पोचते.) लेखिकाबाईंचा अभ्यास दांडगा असेल. पण 'सासवा आडकाठी करतात म्हणून बायका सात दिवसांत शस्त्रक्रिया करून घेत नाहीत' हे काही गळी उतरलं नाही. मी सासू आहे.

सुनेची दुसरी खेप. थोरली चार वर्षांची, धाकटीही मुलगीच. सून म्हणाली, बास. मीही म्हटलं, बास. सिस्टरनी तिच्या पोटावर हात ठेवून मला समजावलं होतं, की गर्भपिशवी अजून बेंबीपाशी आहे, नळ्या हाताला लागतात, बेंबीखाली एवढासा छेद पुरतो. नंतर पिशवी खाली उतरते. म्हणून सात दिवसांच्या आत, नाहीतर थेट सहा आठवड्यांनी. पटलं.

दुसऱ्या दिवशी फर्मान आलं, 'नवऱ्याची सही आणा.' बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागतच नाही, हे आशाताईनं मागाहून सांगितलं. मुलगा चाकणहून रात्रीच्या एसटीनं आला, तर सर्जन रजेवर. सहाव्या दिवशी सुनेला पहाटेपासून उपाशी ठेवलं. घोटभर चहा मागेल म्हणून मी फ्लास्क पिशवीत लपवला. पोर अंगावर ओढतंय आणि हिचे ओठ वाळलेले. दुपारी दोनला निरोप, भूल देणारे डॉक्टर येणार नाहीत, परवा या. परवा गेलो तर कागद बघून म्हणाले, 'आज आठवा दिवस. आता सहा आठवड्यांनी.'

तोवर सोयाबीनची काढणी आली. पुढची तारीख मिळाली दिवाळीनंतर, तेव्हा सुनेला परत दिवस गेलेले. नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितल्याचं तुमच्याच पेपरात वाचलं होतं. शिबिरं गेली तर जाऊ देत, पण ठरलेल्या वाराला सर्जन तरी असावा की नाही? यात माझी आडकाठी कुठली, ते बाईंनी दाखवावं.

आणि पुरुषांच्या नसबंदीला ना सात दिवसांची अट, ना पिशवी उतरण्याची भानगड. तिच्यावर अख्ख्या पानात एक ओळ नाही. खरं सांगायचं तर मुलगा समोर बसला होता, तेव्हा मलाही ते सुचलं नाही.

— एक सासू (नाव छापू नये)

ता. क. : पुरवणीचे पैसे रविवारचे घेता, तर ती रविवारीच पाठवा.